दगडावरची मोकळी ओळ

दादा,

आज बाबांना जुन्या दफनभूमीतल्या युद्धस्मारकापाशी घेऊन गेले होते. हल्ली त्यांना दिसत नाही, पण तिथली नावं ते बोटांनी वाचतात. त्यांच्याच छिन्नीची अक्षरं ती.

लढाईवरून परतलास तेव्हा तुझ्या सोबत्यांच्या नावांच्या त्या रांगेत नेमकी तुझ्या नावाची जागा मोकळी दिसली तुला. "बापानं माझ्या मरणाची सोय करून ठेवली होती," म्हणालास, आणि घर सोडून गेलास तो गेलासच. राग कायम तुझ्या नाकावर.

आज तिथं बाबांचा दगडकामातला जुना जोडीदार भेटला. त्याच्याकडून कळलं ते असं. तू बेपत्ता होतास तेव्हा पलटणीनं तू गेल्याचंच कळवलं होतं. स्मारकाच्या कामावरच्या साहेबांनी बाबांना तुझं नाव कोरायला सांगितलं. बाबांनी छिन्नी खाली ठेवली. "पोरगा आला तर दगडावरचं खोडणार कोण?" मग साहेबांनी जोडीदाराला सांगितलं, पण बापासमोर त्याचाही हात उचलेना. शेवटी साहेब म्हणाले, निदान जागा तरी सोडा. तेवढं बाबांनी ऐकलं.

परतताना मी म्हटलं, "दादाला कळवते."

"नको," म्हणाले. "शरमेनं येईल. तसा नकोय मला."

म्हणून हे पत्र टाकणार नाही. बाकी नावांवर शेवाळ चढलंय. तुझी मोकळी ओळ तेवढी त्यांचा हात फिरून फिरून गुळगुळीत झालीय.

तू आपला रागातच ये. भांडायला ये.

वाट बघणारी,
तुझी धाकटी