कोहळ्यापुरती तलवार

आप्पा,

मी तलवार विकत घेतली. तुम्ही असतात तर आधी पोटभर हसला असतात आणि मग विचारलं असतंत, मूठ हलते का ते पाहिलंस का? पाहिलं, पण दुसऱ्या खेपेला. पहिल्या खेपेला सपशेल फसले. मोबाइलवर फोटो बघून मागवली होती. लाल मखमलीचं म्यान, आरशासारखं चकचकीत पातं, मुठीवर सोनेरी वेलबुट्टी. परसातल्या एका केळीचा घड उतरवून झाला होता, खांब तसाही पाडायचाच होता, म्हणून त्याच्यावरच पहिला हात चालवला. खांब होता तिथेच उभा राहिला, पातं वाकलं आणि मूठ माझ्या हातात खुळखुळायला लागली. तुमचे जावई ओटीवर चहा पीत बसले होते. त्यांनी कप खाली ठेवला आणि अगदी गंभीर चेहऱ्याने विचारलं, परत पाठवायची मुदत संपली का. ती तलवार आता भिंतीवर टांगली आहे. पाहुणे तिच्याशेजारी उभं राहून फोटो काढतात, तेवढाच तिचा उपयोग.

या वयात मला हे खूळ कुठून लागलं, असं तुम्हाला वाटेल. खूळ तुमचंच आहे. दसऱ्याला देवळासमोर एका घावात कोहळा कापायचा आणि तो मान आपल्या घराचा, हे तुम्ही किती वर्षं सांभाळलंत. त्यातला एक दसरा तर आठवला की मला अजून एकटीला हसू येतं. आपल्याकडे खोबरेल कशाला लावत नाहीत? केसांना, कढईला, दाराच्या कडीला, करकरणाऱ्या झोपाळ्याला. तुम्ही ते तलवारीलाही लावत आलात, दरवर्षी, हात सैल सोडून. आत साचून साचून ते चिकट झालं आणि त्या दसऱ्याला तलवार म्यानातून बाहेर यायला तयार नाही. ढोल थांबलाय. गुरव आभाळाकडे बघतोय. काकांनी म्यान धरलंय, तुम्ही मूठ, आणि दोघं विहिरीतून घागर ओढावी तसे ओढताय. शेवटी काकांचा हात सुटतो आणि ते आपट्याच्या पानांच्या ढिगात जाऊन बसतात. सगळं देऊळ श्वास रोखून उभं. तुम्ही मात्र शांतपणे आपल्या वाडीतल्या गड्याच्या कमरेची कोयती मागून घेतलीत, कोहळ्याचे दोन तुकडे केलेत आणि लोकांकडे वळून म्हणालात, "कोहळ्याला काय कळलं नाही. तुम्ही पण विसरा."

कोणी विसरलं नाही, हे वेगळं सांगायला नको. पण तुम्ही गेलात आणि मजाही गेली. काकांचा मुलगा, आपला दादा, तो मान चालवायला लागला. ती जुनी तलवार खाऱ्या हवेने खाल्ली आणि एका वर्षी मुठीपाशीच तुटली. तेव्हापासून दादा घरातली विळी घेऊन जायचा. विळीवर कोहळा म्हणजे भाजीच की हो आप्पा. बायका तोंडाला पदर लावून हसायच्या, आणि दादा घरी येऊन कोणाशी बोलायचा नाही. यंदा त्याचा खांदा धरला, म्हणून त्याने मला फोन केला की तू मार. मी अलिबागहून गणपतीला घरी गेले तेव्हा गुरवाने मला देवळाच्या पायरीवर गाठलं. "ताय, यंदा बी विळीच आणलीत तर फुडल्या सालापासून नारळ फोडू. देवीला नारळ बी चालतो." त्याच्या बोलण्यात राग नव्हता, म्हणून जास्त लागलं. तुमचा मान माझ्या हातून नारळावर जाणार होता.

मग मी नीट शोध घेतला. आमच्याकडे मुलांना दांडपट्टा शिकवणारे एक सर आहेत, त्यांनी घाटावरच्या एका कारागिराचा पत्ता दिला. ट्रकच्या स्प्रिंगच्या पट्ट्यांपासून तलवारी करणारा माणूस. त्याची तलवार दिसायला अगदी साधी, काळपट, नक्षी नाही की मखमल नाही. पण टोक फळीवर दाबलं की पातं वाकायचं आणि सोडलं की पुन्हा सरळ. पात्याची शेपूट मुठीत पार शेवटापर्यंत गेलेली, लाखेने पक्की बसवलेली. कानाशी धरून हलवली तर काही वाजलं नाही. शिवाय भिंतीवरच्या महाराणीपेक्षा स्वस्त पडली, त्यामुळे जावईही गप्प. आणायच्या आधी पोलीस ठाण्यात विचारून आले. तिथल्या बाईंनी विचारलं, तलवार कशाला. म्हटलं, कोहळ्याला. त्यांनी पुन्हा विचारलं.

तलवार आली ती बोथट. धार तुमची तुम्ही लावा, असं कारागीर म्हणाला, आणि मी तुमचा दगड बाहेर काढला. आठवतं? मी शिकायला मुंबईला निघाले तेव्हा आईने लाडू दिले, आत्याने शाल दिली आणि तुम्ही माझ्या ट्रंकेत धारेचा दगड ठेवलात. मुलीने काय दगड घेऊन कॉलेजात जायचं, म्हणून आई तुमच्यावर केवढी भडकली होती. हॉस्टेलवर साऱ्या मुली आपापल्या सुऱ्या घेऊन माझ्या खोलीत यायच्या. मैत्रिणी मिळवायला मला दुसरं काही करावं लागलं नाही. त्याच दगडावर लहानपणी मी कोयती खसाखसा घासत होते, तेव्हा तुम्ही मागून मनगट धरलं होतंत. "दगडाशी भांडू नकोस. पातं त्याच्यावर झोपव." तलवार काही दगडावर झोपेना, एवढी लांब. मग ती बाकाला बांधली आणि दगडच पात्यावर झोपवला, मुठीपासून टोकापर्यंत, पाणी शिंपडत. जावई म्हणाले की मशीनवर दोन मिनिटांत होईल. मी म्हटलं, पातं तापलं तर पोलादाचं पाणी उतरेल. तुमचं वाक्य तुमच्याच आवाजात माझ्या तोंडून निघालं आणि मी खूश झाले. कोयतीसारखी पातळ धार नाही केली. जरा जाडसर ठेवली, टवके उडू नयेत म्हणून.

सरावासाठी कोहळे आणले. पहिले सगळे अर्ध्यात अडकले, कारण मी लाकूड फोडावं तसा घाव घालत होते. घरात कोहळ्याची भाजी, कोहळ्याचं सांबार, कोहळ्याच्या वड्या. शेजारीण मला वाटी घेऊन येताना बघून दार लावायला लागली. मग एकदा तुमचा हात आठवला. केळीचा खांब पाडताना तुम्ही कोयती नुसती हाणत नव्हतात, लागल्या क्षणी स्वतःकडे ओढत होतात. मी तसं ओढलं. पुढच्या कोहळ्याची भाजी मी आनंदाने खाल्ली.

काल देवळासमोर उभी राहिले तेव्हा मात्र तळहात दोनदा पदराला पुसला. कोहळा चौरंगावर, त्याच्यावर कुंकू. दादा दुखरा हात गळ्यातल्या झोळीत अडकवून पुढेच उभा, माझ्यापेक्षा जास्त घाबरलेला. ढोल थांबला. तलवार म्यानातून सुळकन निघाली, तेवढ्यानेच म्हाताऱ्या मंडळींत खसखस पिकली. मी घाव घातला आणि ओढला. आणि आप्पा, कोहळा जसाच्या तसा. हलला नाही की पडला नाही. मागून कोणीतरी चुकचुकलं. दादाने डोळे मिटून घेतले. गुरव पुढे झाला, वाकून त्याने पाहिलं आणि कोहळ्याला एक बोट लावलं. वरचा अर्धा भाग हळूच घसरला आणि चौरंगावरून खाली आला. "व्हय," तो म्हणाला, "कवाच कापलाय." मग जो काही ढोल वाजला. दादा एका हाताने माझी पाठ थोपटत होता आणि रडत होता, आणि मी नुसती हसत सुटले होते. इतका आनंद मला माझ्या लग्नातही झाला नव्हता, हे जावयांना सांगू नका.

हे पत्र कुठे टाकायचं ते मला माहीत नाही, म्हणून तुमचा दगड असतो त्याच डब्यात ठेवते. एक सांगायचं राहिलं. तलवारीसाठी मी शिलाई मशीनचं तेल मुद्दाम आणून ठेवलंय. आज सकाळी पातं पुसलं, तेलाची बाटली उघडलीही, आणि बंद करून आतून खोबरेल आणलं. एकच बोट लावलं. ओटीवर तुमचा वास आला. अडकली तर अडकली, कोयती आहे घरात.