व्हॅन विकून टाक, मावशी

थ्री रिव्हर्स,
जूनचा शेवटचा शुक्रवार

तीर्थरूप बर्टामावशीस,

वेन्डेलचा साष्टांग नमस्कार. (हा केवळ रीत म्हणून नाही. कंबर धरल्यामुळे मी खरोखरच जमिनीवर पालथा पडून लिहितो आहे, तेव्हा अक्षराला हसू नकोस.) तुझ्या खुब्याचं दुखणं आता कसं आहे? बेकर्सफील्डला ऑड्रीकडे सकाळची कॉफी वेळेवर मिळते का, आणि तिच्या त्या अरुंद पायऱ्या तू एकटी उतरत नाहीस ना? मला रोज स्वप्नात तू त्या पायऱ्यांवरून घसरताना दिसतेस. परवा तर तुझ्या मागोमाग मीही घसरलो. इकडे सर्व कुशल आहे असं यापुढे लिहायचं असतं, पण माझं खोटं तू पत्रातूनसुद्धा ओळखतेस, म्हणून ते गाळतो.

मुद्द्याचं आधी सांगतो. तू म्हणाली होतीस की झाडं बघायला येणाऱ्या पाहुण्यांची दोन दिवसांची एक सहल एकट्याने नेऊन दाखव, मग व्हॅन ठेवायची की डनवेला द्यायची ते बघू. सहल झाली. पाचही पाहुणे जिवंत परत आले (हे आत्ताच सांगून टाकलं, म्हणजे पुढचं वाचताना तुझा रक्तदाब वाढायला नको). आणि सगळा विचार करून माझं मत असं झालं आहे की व्हॅन विकून टाक. व्हर्जिल डनवे उद्या सकाळी ती बघायला येणारच आहे. तो सीटं काढून आत मधमाश्यांच्या पेट्या भरणार म्हणतो, आणि मधमाश्यांना निदान घाटातल्या वळणांची धास्ती नसते. मला ती व्हॅन फार हवी होती गं. एकोणीस वर्षं पॅकिंग शेडमध्ये पट्ट्यावरची संत्री निवडताना मी मनातल्या मनात तीच चालवत होतो. पण मनात चालवताना तिच्यात पाहुणे बसलेले नसायचे.

पाहुण्यांपैकी तिघी बहिणी अगदी गरीब स्वभावाच्या होत्या, त्या फक्त फोटो काढायच्या. चौथे ओमाहाचे अ‍ॅकर्लीसाहेब. हे निवृत्त लिफ्ट-तपासनीस असून खिशात एक वही बाळगतात आणि जिथे जातील तिथले दोष तिच्यात टिपतात. पाचव्या नेब्रास्काच्या क्रान्ट्झबाई, वय एक्याऐंशी. एकतीस वर्षांपूर्वी नवऱ्याबरोबर त्या तुझ्याच सहलीला आल्या होत्या म्हणे. व्हॅनचं दार उघडून मी स्वागताचं वाक्य अर्धं बोललो असेन, तेवढ्यात त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाल्या, "तू काही बर्टा नाहीस." मी ते कबूल केलं. नंतर दोन दिवस हेच चाललं. बर्टा इथे थांबायची. बर्टा एवढं बोलत नसे. बर्टा वळणावर देवाचं नाव घेत नसे, निदान मोठ्याने तरी.

पहिल्या दिवशी मी सगळ्यांना जगातल्या त्या सगळ्यात प्रचंड झाडापाशी, शर्मनपाशी नेलं. तुझ्या सूचनेप्रमाणे मी आधी त्यांना दोन मिनिटं गप्प उभं राहू देणार होतो. पण वर पाहिल्यावर मला त्या फांद्या दिसल्या, एकेक फांदी आपल्या अंगणातल्या अक्रोडाहून जाड, आणि माझ्या तोंडून झाडाचं वय निघण्याऐवजी फांदी पडली तर कुठे पळायचं हे निघालं. तीन वाटा दाखवल्या. (चौथीही होती, पण ती मी स्वतःसाठी ठेवली.) पुढे पायवाटेवर अ‍ॅकर्लीसाहेब एका झाडाकडे एक डोळा मिटून बघत सहज म्हणाले की हे ओळंब्यात नाही, अडीच अंश कललं आहे. लिफ्ट असती तर त्यांनी बंद करायला लावली असती. हे ऐकून मी सगळ्यांना हाताला धरून लांब नेलं. दोन हजार वर्षं कललेलं झाड नेमकं आपल्याच दुपारी पडणार नाही हे मला कळतं, मावशी. पण पायांना कळत नाही.

दुसऱ्या दिवशी वर डोंगरातलं मिनरल किंगचं खोरं. त्या रस्त्याची जवळपास सातशे वळणं मी कशी घेतली ते विचारू नकोस, कारण काही वळणांना माझे डोळे मिटलेले होते. वर पोहोचल्यावर नियमाप्रमाणे वासाची प्रत्येक वस्तू अस्वलांसाठीच्या लोखंडी पेटीत कुलूपबंद केली. (अस्वलांसाठी म्हणजे अस्वलांना मिळू नये यासाठी. एका बहिणीचा यात घोटाळा झाला आणि तिने त्यांच्यासाठी सफरचंदं कापून ठेवली.) टूथपेस्ट, ओठांचं मलम, क्रान्ट्झबाईंचं खोकल्याचं औषध, सगळं आत टाकलं. तू लिहून दिलेली माहितीची कार्डंसुद्धा टाकली, कारण त्यांना तुझ्या पीचच्या मुरंब्याचा वास येत होता. ती कार्डं अजून तिथेच आहेत.

मग मार्मोट. तू बजावलं होतंस की तिथे गाडी उघडी ठेवायची नाही, ते लठ्ठ, मांजराएवढे, शीळ घालणारे प्राणी खालून शिरतात आणि इंजिनाच्या रबरी नळ्या कुरतडतात. मी ताडपत्री अंथरली, तिच्यावर व्हॅन आणली, चारी बाजू वर ओढून दोरीने आवळल्या, एकही फट राहू नये म्हणून तीनदा खालून सरपटत फिरलो (कंबर तिथेच गेली), आणि व्हॅनचं असं गाठोडं बांधलं की शेजारी गाडी गुंडाळणारे लोक बघायला आले. मला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं, हे आपल्याला जमतं. फक्त बांधण्याआधी आत कोणी बसलं आहे का, हे मी पाहिलं नव्हतं. आम्ही चार तास फिरत होतो, तेवढा वेळ एक मार्मोट बंद दाराआड, वाऱ्यापासून सुरक्षित, निवांत जेवत होता.

उतरताना प्रत्येक वळणाला कुठूनतरी शीळ ऐकू यायची. अ‍ॅकर्लीसाहेबांनी वही काढून "ब्रेक: शिट्टी" असं टिपलं. मी म्हणालो की तो इथला एक पक्षी आहे. पुढल्या वळणाला तोच पक्षी पुन्हा, त्याच्या पुढल्यालाही तोच. क्रान्ट्झबाई म्हणाल्या की हा पक्षी फार चिकाटीचा दिसतो. वाटेतल्या अ‍ॅटवेलच्या महावृक्षांपाशी पोहोचलो आणि पुढून वाफेचा लोट उठला. इंजिनाचं पाणी सगळं रस्त्यात सांडलं होतं. फोनला रेंज नाही, कार्डं अस्वलांच्या पेटीत, पाच माणसं माझ्याकडे बघताहेत. मी त्यांना खाली उतरवलं. झाडं एवढी मोठी होती की त्यांच्यापुढे व्हॅन कोणीतरी विसरून गेलेल्या डब्यासारखी दिसत होती. मला रडू आलं. ते मी वाफेमुळे असं सांगितलं.

वळून पाहतो तर क्रान्ट्झबाई एका बुंध्याशी उताण्या पडलेल्या, डोळे उघडे, हालचाल नाही. त्यांच्या नेब्रास्काच्या मुलाला काय कळवायचं त्याची दोन वाक्यंही मी जुळवली, आणि नाडी बघायला वाकलो तर त्या म्हणाल्या, "माझा हात सोड आणि इथे शेजारी पड. उजेड अडवतोयस." मी पडलो. एकेक करून तिघी बहिणी पडल्या, शेवटी कोट घडी करून अ‍ॅकर्लीसाहेबही. अडीच तास आम्ही तसेच होतो. वाटेची डागडुजी करणाऱ्यांचा ट्रक येऊन त्यांनी नळीला पट्टी गुंडाळून ओढ्याचं पाणी भरून दिलं, तेव्हा कोणाला उठायचंच नव्हतं. पण त्यात माझं कर्तृत्व काय? गाडी बंद पाडणं एवढंच. म्हणून म्हणतो, विकून टाक. मी पुन्हा शेडमध्ये विचारून बघतो. संत्री पडली तरी कोणी मरत नाही.

ऑड्रीला आठवण सांग. पायऱ्या जपून.

तुझा,
वेन्डेल

ता. क. पत्र टाकायचं राहिलं, आता शनिवारचे अकरा वाजले आहेत. डनवे येऊन गेला. त्याने व्हॅनभोवती फेरी मारली, टायरला लाथ मारली आणि सीटं कशी निघतात ते विचारलं. मी त्याला सांगितलं की व्हॅन विकायची नाही. माझ्या तोंडून हे कसं निघालं ते मला माहीत नाही, पण निघालं, आणि मी ते परतही घेतलं नाही. तो तुला फोन करेल. कृपा करून त्याला माझ्यासारखंच सांग.

ता. क. २. मार्मोट इंजिनातच बसून खाली आला आणि आता तुझ्या गॅरेजमध्ये आहे, कपडे धुण्याच्या मशीनच्या मागे. गुरुवारी उद्यानातली बाई पिंजरा घेऊन येते आहे. तोवर कपडे मी हाताने धुतो.

ता. क. ३. एक गोष्ट वर मुद्दामच लिहिली नव्हती, तुला लाज वाटेल म्हणून. तिथे पडल्या पडल्या क्रान्ट्झबाई वर बघत म्हणाल्या, "तुझ्या मावशीचीही गाडी इथेच बंद पडली होती. आधी ती त्या झाडामागे जाऊन ओकली. मग रडली. मग तोंड पुसून आली आणि म्हणाली, आता सगळ्यांनी आडवं व्हायचं, हा सहलीचाच भाग आहे." मावशी, मला आयुष्यभर वाटत आलं की तुला भीती वाटतच नाही, आणि मला वाटते म्हणून मी तुझ्या कामाचा नाही. तू एकदासुद्धा सांगितलं नाहीस. मी तुझ्यावर रागावलो आहे, आणि तुझी फार आठवण येते आहे.

ऑगस्टमध्ये दुसरी सहल आहे. आठ माणसं, मी हो म्हटलं आहे. तोवर तुझा खुबा नीट होईल, पुढची सीट तुझ्यासाठी ठेवतो. तू काही करायचं नाहीस. फक्त मी अधूनमधून झाडामागे जाईन, तेवढा वेळ पाहुण्यांना आडवं करून ठेव.