वरच्या आळीचा पंप

९ मार्च

प्रिय शिगेओदादा,

ओसाकात आता उन्हं ऊबदार झाली असतील. इथे अजून निम्म्या खिडकीपर्यंत बर्फ आहे. वहिनीचा खोकला थांबला का? शेजारच्या ओनोदाकाकूंनी मुळ्याचं लोणचं दिलंय, सोबत पाठवते.

माझं नदीचं काम चालू आहे. लोक अजून हसतात, "बाई, खडीत नळ्या खुपसून काय ऐकतेस?" नदीच्या तळातून जमिनीतलं ऊबदार पाणी वर येतं, तिथेच सॅमन मासे अंडी घालतात. रस्त्यांवरचा बर्फ वितळवायला आपण पंपांनी तेच पाणी उपसतो. मग तळाचे झरे आटतात आणि अंडी गारठून मरतात. म्हणून पंप बंद ठेवा, एवढंच मी गावाच्या सभेत सांगितलं होतं.

आईच्या अंत्यविधीच्या दिवशी तू सगळ्यांदेखत म्हणालास, "माशांसाठी आईला मारलंस." आता तू फोन उचलत नाहीस, म्हणून लिहिते.

दादा, वरच्या आळीचा पंप बंद करा असं मी म्हटलंच नव्हतं. तिथे सगळी म्हातारी माणसं, तेवढा वगळा म्हटलं. तर आई उठली.

"लेक माझं तोंड बघून बोलतेय. सगळ्यात जास्त पाणी आमचाच पंप ओढतो. ह्यांनी जन्मभर या नदीवर आमची पोटं भरली. करा बंद! फावडं आहे माझ्याकडे."

लोक हसले, टाळ्या वाजल्या. मी तिला अडवलं नाही. ती म्हणाली ते खरंच होतं.

पंप बंद झाला. दारासमोरची वाट काढताना आईवर छपरावरचा बर्फ कोसळला, ते तुला ठाऊक आहेच.

तू ओसाकाला परतल्यावर पुन्हा सभा झाली. ओनोदाकाकांनी विचारलं, "चिहारू, तूच सांग पोरी. पंप चालू करायचा?" सगळ्यांच्या आधी माझा हात वर गेला.

तेव्हा अंड्यांत डोळे दिसू लागले होते. काल खडी उकरली. सगळी अंडी पांढरीफटक, मेलेली.

आईचा शब्द मी मोडला. म्हाताऱ्यांच्या कळवळ्याने नाही रे, तुझ्या त्या एका वाक्याच्या धास्तीने.

बर्फ उतरला की आईच्या अस्थी थडग्यात बाबांच्या अस्थींशेजारी ठेवायच्या आहेत. भांडायला ये हवं तर, पण ये. थडग्याचा दगड मला एकटीला हलवत नाही.

तुझीच धाकटी,
चिहारू