मानाची मुंडी

४ एप्रिल
फॅमिली ग्रुपवर बुरुल आत्याचा व्हिडिओ. गावच्या निवडणुकीतले उमेदवार शामिरबेक जेवणावळीत पाहुण्याचा मान म्हणून पुढ्यात ठेवलेली मेंढीची मुंडी दूर सारतात. खाली आत्या: "मुंडीला लाथ मारली! थोरामोठ्यांचा अपमान! दहा जणांना पाठवा." लाथ कुठेही नाही. विचारलं, सोर्स काय? "अख्खं गाव बोलतंय गं, नुरझात. सोर्स शोधतेस, नवरा कधी शोधणार?" हे आमचे मतदार.

५ एप्रिल, सकाळी
ठरलं. अफवा आणि बातमी यांतला फरक करून दाखवायचा. आमच्या बातम्यांच्या वेबसाइटवर पडताळणी विभाग सुरू होतोय. प्रमुख मीच होणार. दुसरं आहे कोण? ऑफिसातली एलनुरा? ती फोनवर आधी समोरच्याच्या मेंढरांची खुशाली विचारते.

संध्याकाळी
एकेक फ्रेम तपासली. छेडछाड नाही. गावातले दोन स्वतंत्र साक्षीदार गाठले: शाळेतल्या बाई आणि पोस्टमन. दोघांनी तेच सांगितलं, तेही त्याच शब्दांत. दोन साक्षी इतक्या जुळल्यावर शंका कसली? बातमी दिली: "उमेदवाराने मानाची मुंडी नाकारली." लाथ वगळली. आत्यात आणि माझ्यात हा फरक आहे.

६ एप्रिल
आत्याने माझीच बातमी ग्रुपवर टाकली. "बघा, आता बातम्यांतसुद्धा आलं! आमच्याच पोरीने छापलं!" अडाणी कौतुक. स्क्रीनशॉट ठेवला.

७ एप्रिल
शामिरबेकच्या माणसांनी पूर्ण व्हिडिओ पाठवला. मुंडी सारून ते ती शेजारच्या आजोबांपुढे ठेवतात. पंगतीत वयाने मोठा कुणी असला तर असंच करतात. मलाही माहीत आहे. व्हिडिओ अर्धा होता, पण होता तेवढा खराच होता. माझ्या तपासणीत चूक नाही.
संपादक मेदेरबेक म्हणाले, "साक्षीदार त्या जेवणाला होते का?" पुन्हा फोन केले. नव्हते. बाई आत्याच्या नणंद. पोस्टमन रोज आत्याकडे चहा पितो.

८ एप्रिल
दिलगिरी छापली, बातमीच्याच जागी, माझ्या नावासकट. आत्या कधी दिलगिरी छापते? ग्रुपवरही टाकली. आत्या: "दाबलं ना गं तुला वरून?"
विभाग एलनुराला दिला. मेदेरबेकना तांत्रिक बाजू कळत नाही.

९ एप्रिल
नातेवाइकांना पडताळणी शिकवायची, रोज एक धडा. पहिला लिहून काढला. पाठवायला गेले तर ग्रुपच दिसेना. आईला फोन केला. म्हणाली, "आत्याने काढलं तुला. म्हणते, ग्रुपवर खोट्या बातम्या चालणार नाहीत."