समुद्र बंद आहे

फातुसिना, सवाई बेट
मंगळवार, १२ ऑगस्ट

प्रिय माकेरिताताई,

तलोफा. तू, भावोजी आणि छोटी लागी सुखरूप असाल, अशी प्रार्थना करतो. आईचा गुडघा बरा आहे. चर्चला आता काठीशिवाय चालते, पण काठी बरोबर नेते, लोकांना दाखवायला. नीरफणस यंदा उशिरा धरला आहे. परसातल्या कोकोला मात्र चांगल्या शेंगा आहेत. भाजून झाला की पाठवीन.

हे पत्र पास्टरकाकूंबरोबर देतो आहे. गुरुवारी त्या ऑकलंडला पोचतील. तू म्हणशील, फोन का नाही केलास? बहिणीशी भावाने ज्या आवाजात बोलायचं असतं, त्या आवाजात हे सांगता येत नाही. पाकिटात एक घडी घातलेली चिठ्ठी वेगळी आहे. ती आधी उघडू नकोस, आधी हे सगळं वाच.

मोठ्या मामांच्या अंत्यविधीच्या दिवशी तू फोनवर विचारलंस, की किनाऱ्यावरच्या आपल्या पाहुण्यांच्या झोपड्यांची वेबसाइट आता कोण बघतं. मी म्हणालो, मीच बघतो, सगळं ठीक आहे. तेव्हा खरंच ठीक आहे असं मला वाटत होतं. संध्याकाळपर्यंत तसं राहिलं नाही.

नाताळात तू आली होतीस तेव्हाचं आठवतं का? जेवणं झाल्यावर तू बिस्किटांच्या खोक्याच्या झाकणावर दोन चौकोन काढलेस. एक सॉफ्टवेअर महिन्याच्या भाड्याचं. फोटो टाकले की साइट तयार, बुकिंगही तेच घेतं, पण मालक एकच. दुसरं फुकट मिळणारं, मांडामांड आपण करायची, थोडं शिकायचं, पण किल्ल्या हव्या तितक्यांना देता येतात. तू म्हणालीस, दुसरं घ्या, एक किल्ली उएलेसेकडे, एक माझ्याकडे. त्यावर मामा म्हणाले, "हिच्या हाती किल्ली दिली तर उद्या ऑकलंडहून विचारेल, आज आंघोळी केल्यात का?" सगळे हसले. मीही हसलो.

ताई, मला माहीत होतं तुझं बरोबर आहे. मी दोन्ही वापरून बघितली होती, वहीत लिहूनही ठेवलं होतं. पण बोललो नाही. तू झाकण उलटं ठेवलंस आणि भांडी घासायला गेलीस.

तू गेल्यावर मी भाड्याचं घेतलं. मालकाच्या रकान्यात काय लिहू, असं मामांना विचारलं. किनारा कुळाचा, झोपड्या कुळाच्या, एका माणसाचं नाव लिहायला मन धजेना. मामा म्हणाले, "कुळप्रमुखाची पदवी लिही. माणूस मरतो, पदवी मरत नाही." मला ते इतकं पटलं, की मी ती दोनदा तपासून, एकही अक्षर न चुकवता लिहिली. फोन नंबर म्हणून मामांचाच दिला.

मामा गेले. शुक्रवारी, २५ जुलैला, घरासमोरच्या थडग्यात त्यांना ठेवलं. त्याआधी आई त्यांच्या खिशात चष्मा ठेवत होती. मला म्हणाली, "आणखी काय लागेल रे त्यांना?" मीच म्हणालो, फोन. हातातून कधी सुटत नव्हता. आईने तो पुसून त्यांच्या हाताशी ठेवला.

त्याच संध्याकाळी पंचांनी सांगितलं, प्रमुखांच्या दुखवट्यासाठी दहा दिवस समुद्र बंद. होडी नाही, जाळं नाही, पोहणं नाही. मी लगेच साइट बंद करायला बसलो. तिने मला ओळखलं नाही. आठवडाभर साइटवर आलो नव्हतो आणि आपला संगणक मंडपात नेलेला, म्हणून चुलतभावाचा वापरत होतो. म्हणाली, मालकाच्या फोनवर आकडा पाठवला आहे, तो लिहा.

थडग्याच्या ओल्या सिमेंटपासून दहा पावलांवर बसलो होतो. आकडा मी तीनदा मागवला. दुसऱ्या वेळी आईने मान वर केली आणि म्हणाली, "काहीतरी वाजलं का?" मी म्हणालो, नाही.

बुकिंगची यादी आतच होती, त्यामुळे कोण येणार तेही कळेना. कंपनीला लिहिलं. उत्तर आलं, मालकाने स्वतः कळवावं. मालक वारले असं लिहिलं. मग दाखला मागितला, तो पाठवला. मग नव्या मालकाचा कागद मागितला. पदवी कोणाला द्यायची यावर कुळाची बैठक अजून व्हायची होती. मामांच्या नंबरचं नवं सिमकार्ड मागितलं, त्याचंही तेच झालं.

मग मी एका फळीवर लिहिलं, समुद्र बंद आहे, पाहुण्यांनी माफ करावं, आणि ती घेऊन झोपड्यांकडच्या वळणावर बसलो. शनिवार, रविवार तिथेच होतो. सोमवारी पलीकडच्या गावाची माणसं भेटी घेऊन सांत्वनाला आली आणि मला खोकी उचलायला बोलावलं. फळी झाडाला टेकवून गेलो. एक तास लागला असेल.

त्या तासात तिघं आली. इन्व्हरकार्गिलचे दोन भाऊ आणि त्यातल्या एकाची बायको. फळी वाऱ्याने पालथी पडली होती. झोपड्यांजवळ कोणी नव्हतं, म्हणून ती सरळ पाण्यात उतरली, गाणी लावून. इकडे चावडीत पाहुण्या गावाचे वक्ते मामांचं नाव घेऊन बोलत होते, आणि मध्येच पाण्यातून हसणं ऐकू आलं. वक्ता थांबला. त्याने आपल्या लोकांकडे बघितलं आणि ते सगळे उठले. भेटी तशाच ठेवून गेले.

ती माणसं वाईट नव्हती. कळल्यावर त्या बाईने आधी गाणी बंद केली. मला म्हणाली, "आम्ही गाडीत तुमचं पान बघितलं. त्यावर लिहिलं होतं, आधी पाण्यात उतरा, चहा मागून." ते वाक्य माझंच होतं, ताई. मला ते फार आवडलं होतं.

पंचांचा निरोप आला: ज्या घराने आपल्याच प्रमुखाचा दुखवटा मोडला, त्या घराचा किनारा गाव परत घेईल. म्हणजे झोपड्या गेल्या, आईची रोजची मिळकत गेली, मामांच्या नावाला डाग लागला तो वेगळाच. एकच उपाय होता. मानाची चटई डोक्यावर घेऊन चावडीसमोर बसायचं, आणि ती उचलली जाईपर्यंत उठायचं नाही.

आपल्या घरातल्या चटया अंत्यविधीत दिल्या गेल्या होत्या.

एक उरली होती.

आजीने तुझ्यासाठी विणलेली. लाल पिसांच्या झालरीची, लागीच्या लग्नात तू उलगडणार होतीस ती. आईच्या पलंगाखाली होती. मी आईला विचारलं नाही, तुला विचारलं नाही. फोन हातात घेतला होता, तुझं नाव काढलंही होतं. तू नाही म्हणालीस तर काय, ही भीती वाटली, आणि फोन खाली ठेवला. बुधवारी पहाटे चर्चची घंटा व्हायच्या आत जाऊन बसलो. आई मागून आली आणि माझ्या मागे बसली. तिने चटई ओळखली असणार.

ऊन चढलं. आतून मला फक्त वीण दिसत होती. कोपऱ्यात आजीने तुझी खूण घातली आहे, तीन धागे आडवे. इतकी वर्षं मी ती कधी बघितली नव्हती.

दुपारी पंचांतले लेफाओ आजोबा आले. चटईवरून हात फिरवला.

"ही सिनाच्या हातची वीण. कोणाची ही?"

"माझ्या बहिणीची," मी म्हणालो.

"तिला विचारलंस?"

मी म्हणालो, "हो."

त्यांनी चटई उचलली. गावाने ती स्वीकारली आणि माफी दिली. पलीकडच्या गावाला तीच चटई पाठवली, तेव्हा तेही परत आले. ४ ऑगस्टला समुद्र उघडला. सगळे मला शाबास म्हणतात. आई म्हणत नाही.

त्याआधीच्या शनिवारीच कंपनीने जुनी साइट बंद केली होती. मी तुझ्या झाकणावरचं दुसरं सॉफ्टवेअर घेतलं आहे. झाकण मी जपून ठेवलं होतं. नऊ दिवस लागले मांडायला. बुकिंग आता आपोआप पक्कं होत नाही, माणसाने हो म्हटल्यावरच होतं. समुद्र बंद करायचा असेल तर फोनवरून एकाच ठिकाणी दाबायचं, सिग्नल कमी असला तरी चालतं. आईकडून दोनदा करून घेतलं, तिला जमलं. किल्ल्या दोन केल्या आहेत. घडी घातलेल्या चिठ्ठीत तुझी आहे, ती मोठी. तिने माझं नाव काढून टाकता येतं. माझ्या किल्लीने तुझं काढता येत नाही. हे मी तीनदा तपासलं.

आता जे मागायचं ते मागतो. लेफाओ आजोबा महिन्याअखेर डॉक्टरकडे ऑकलंडला येत आहेत. तुझ्या घरी नक्की येतील आणि चटईबद्दल तुझे आभार मानतील. तू जे खरं आहे ते सांग. विचारलं नव्हतं असं सांगितलंस तर माफी मोडेल, हे मला कळतं. मग मी पुन्हा जाऊन बसेन, डोक्यावर काही न घेता. किनारा गेला तर माझ्यामुळे गेला, असं आईला मीच सांगेन. माझ्यासाठी तू खोटं बोलावंस म्हणून हे लिहीत नाही. तुला न विचारता तुझं दिलं, ते निदान तुला सगळ्यात आधी कळावं, म्हणून लिहितो आहे. चटई परत आणता येणार नाही. मला विणता येत नाही.

गावाचा समुद्र उघडून आठ दिवस झाले. मुलं रोज पोहतात. नव्या साइटवर मात्र अजून एकच ओळ आहे: समुद्र बंद आहे. झोपड्या रिकाम्या आहेत. आई विचारते, कशाची वाट बघतोस? मी सांगतो, ताईची.

ती ओळ मी काढणार नाही. किल्ली तुझ्याकडे आहे.

तुझ्या शब्दाखाली बसलेला,
तुझा भाऊ
उएलेसे