डेल, स्पेस, पूर्णविराम

२ फेब्रु., सोम.
मुख्याध्यापक सर स्टाफरूममध्ये सहज बोलल्यासारखं बोलले. पट घटलाय, मराठीला दोघी आहात, एक अतिरिक्त ठरणार. जिला मुलांना प्रोग्रॅमिंग शिकवता येईल तिचा आधी विचार. बावीस वर्षं झाली मला रोह्यात. आता अष्टमी गावातलं घर सोडून कुठे धाडतील कोण जाणे. 

४ फेब्रु., बुध.
शाळेचा लॅपटॉप घरी आणला. बी.एड.ची मैत्रीण वैशाली पेणला कॉम्प्युटर शिकवते, ती फोनवर सांगत होती. पायथन बसवलं. काळ्या खिडकीत हुकूम टाइप करायचे, माऊस नाही. एक अक्षर चुकलं की इंग्रजीत खेकसते. दीड तासाने ‘नमस्कार’ उमटला. हे शिफ्टवरून आले, त्यांना दाखवला. ‘एवढ्यासाठी दीड तास व्हय?’

५ फेब्रु., गुरु.
सरावाची फाईल पुसायची होती. डेल लिहायचं, पुढे फाईलचं नाव, एंटर. मी लिहिलं आणि सवयीने जागा सोडून टिंब दिलं. मराठीची बाई, वाक्य उघडं कसं टाकणार! खात्री आहे का विचारलं, हो म्हटलं.
वैशाली फोनवर म्हणाली, तिथे टिंब म्हणजे हे अख्खं फोल्डर.
फोल्डर दहावीचं, सरावाची फाईलही त्यातच ठेवलेली. तोंडी परीक्षेचे मार्क, त्रेचाळीस मुलांचे. कागदावर नाहीत, थेट लॅपटॉपवर भरले होते. मिरवायचं होतं ना! कचरापेटीतही नाही. घाबरून पायथन काढलं, पुन्हा बसवलं, वाटलं सगळं परत येईल.

६ फेब्रु., शुक्र.
रजा टाकून एसटीने पेण. वैशालीने ओळखीच्या दुकानात नेलं. दुकानदाराने विचारलं, ‘नंतर नवीन काय टाकलं नाय ना? टाकलं तर जुन्यावर बसतं.’
नाही म्हणाले. धडधडीत खोटं, तेही वैशालीसमोर. लॅपटॉप सोमवारपर्यंत त्याच्याकडे.

७ फेब्रु., शनि.
सरांचा निरोप. मार्कांची यादी सोमवारी सकाळी हवी.
आठवून लिहायला बसले. अकरा जणांचे पक्के. मग अंदाजाने नऊ भरले, भराभर. कोणाला कळणार? पुढचं नाव सुषमा. लांबच्या खेड्यातून येते, बोलताना अडखळते. कवितेत मध्येच थांबली, मीही थांबले, मग तिने शेवटपर्यंत म्हटली. सगळं आठवतंय. अठरा दिले की बारा, तेवढंच नाही. पेन पुढे सरकेना.

८ फेब्रु., रवि.
ह्यांना सांगितलं. शांतपणे म्हणाले, ‘भर गो अंदाजे. पोरांना काय कमी देणार हायस का तू? सरांना सांगितलंस तर तूच अतिरिक्त.’ खरंच आहे ते. म्हणूनच जास्त भीती वाटते.
तरी ते नऊ खोडले. सरांना फोन लावला. ‘बोला मॅडम, यादी झाली?’ फोन कट केला.
आता सरच फोन करतायत. चौथ्यांदा वाजतोय.