मोरीत ओतलेले थेंब

कर्वेनगर, पुणे
२६ मार्च २००१

प्रिय शांतू,

प्रभूच्या नावात तुला, हेमाला आणि कुसुमला सलाम.

इकडे सगळं ठीक. ऊन आत्ताच डोक्यावर बसलंय. आमच्या सोसायटीत पाणी एक वेळ येतं आणि त्यावरची भांडणं मात्र दोन्ही वेळ होतात. विनयची कंपनी आता हिंजवडीला गेली. सकाळी कंपनीची बस त्याला कोपऱ्यावरून उचलते आणि जेवण गार झाल्यावर आणून टाकते. अमेरिकेतली माणसं झोपेतून उठेपर्यंत हा इथे जागा. मी काही बोलत नाही. म्हणजे फार वेळा बोलत नाही.

हेमा, पत्र तूच वाचून दाखवणार. मागच्या वेळी तू मधला एक परिच्छेद गाळलास, हे तुझ्या नवऱ्यानं मला फोनवर सांगितलं. त्याला कळतं. या वेळी काही गाळू नकोस, आणि मध्येच कुकर बंद करायला उठू नकोस. फोनवर सांगितलं असतं, पण शांतू 'बरं' म्हणतो आणि रिसीव्हर तुझ्या हातात देतो.

बातमी अशी की फेब्रुवारीत माझ्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. मोतीबिंदू. विनयच्या कंपनीच्या विम्यात आईचे डोळेही बसतात म्हणे. पट्टी काढल्यावर पहिल्यांदा दिसली ती नर्सच्या नाकातली चमकी. मग घरी येऊन दिसला आमचा ओटा. हा ओटा मी इतके दिवस स्वच्छ समजत होते.

तुला आधी कळवलं नाही. तुझ्यासमोर डोळ्यांचा विषय काढायला माझी जीभ रेटत नाही. तुझे गेले ते गेले, आणि माझे परत आले, हे तुला कोणत्या तोंडानं सांगायचं?

पण मला सांगायचं आहे ते ऑपरेशनच्या आधीचं. कोथरूडच्या त्या दवाखान्यात तपासणीपूर्वी सगळ्यांच्या डोळ्यांत थेंब घालून ओळीनं बसवतात. डोळे मिटायचे, मान मागे टाकायची आणि गप्प राहायचं. शेजारी कोण आहे हेही कळत नाही. एक नर्स खुर्ची-खुर्चीपाशी जाऊन प्रश्न विचारत होती. मधुमेह आहे का, रक्तदाब आहे का. मग माझ्यापाशी आल्यावर तिनं विचारलं, "आजी, घरात कुणाला काचबिंदू होता?"

मी म्हटलं, नाही.

शांतू, मी खोटं बोलले नाही रे. आपल्या घरात तुझ्या आजाराला नावच नव्हतं. आई 'शांतूची परीक्षा' म्हणायची, देवानं घेतलेली. पाहुण्यांना तेच, पाळकसाहेबांनाही तेच. इतकी वर्षं तेच म्हणत आल्यावर तो शब्द मला सुचलाच नाही.

तेवढ्यात शेजारच्या खुर्चीतून कुणीतरी म्हणालं, "सिस्टर, नाही नका लिहू. यांचा आवाज मी ओळखतो. यांच्या धाकट्या भावाला काचबिंदू होता. त्याला डॉक्टरांनी थेंब दिले होते. ते मी बंद करायला लावले."

तो आवाज मी ओळखला. तूही ओळखशील. आपल्या चर्चच्या मंडळीचे वडील, प्रार्थनासभा चालवणारे तात्याराव.

मी डोळे उघडले, पण दिसला फक्त पांढरा सदरा. त्यांनीही माझ्याकडे तोंड वळवलं असावं. आम्ही दोघं म्हातारी तशी एकमेकांसमोर धूसर बसलो होतो. मला अतोनात संताप आला. ती बुधवारची प्रार्थनासभा आठवली. आपल्याच घरात, आपल्याच सतरंजीवर. विश्वास असेल तर बाटली कशाला, असं म्हणून त्यांनी तुझे थेंब मोरीत ओतले होते आणि सगळे आमेन म्हणाले होते. मग तुझी नजर गेल्यावर हेच म्हणाले, की पोराचा विश्वास कमी पडला. त्यानंतर तू चर्चची पायरी चढला नाहीस, आणि पुणंही सोडलंस.

मी विचारलं, हे आज दवाखान्यात सांगताय?

ते म्हणाले, "मलाही तोच आजार निघालाय. दिवसातून दोनदा थेंब, एकही वेळ चुकवायची नाही, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलंय. बाटली हातात घेतली की तुमचा शांतवन आठवतो. रोज दोनदा. माझ्याकडून प्रार्थनेचा शब्दही निघत नाही."

एवढ्यात माझं नाव पुकारलं, आणि नर्सनं मला हाताला धरून आत नेलं.

आता जे लिहायचं टाळत होते ते लिहिते. मलाही काचबिंदू आहे. घरात होता असं कळल्यावर डॉक्टरीणबाईंनी वेगळ्या मशीनवर बसवून माझी कडेची नजर तपासली. डाव्या डोळ्याची कड थोडी गेली आहे. मी सगळा दोष मोतीबिंदूला देत होते. गेलेली नजर परत येणार नाही, पण उरलेली थेंबांनी टिकेल, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. वेळेत सापडलं म्हणाल्या. घाबरू नकोस, मी थेंब घालते. मोरीपासून लांब ठेवते.

काल चर्चमध्ये शास्त्रवाचन माझ्याकडे होतं. जन्मांध माणसाची गोष्ट. पाळकसाहेबांना वाटत होतं मी आधी साक्ष द्यावी, प्रभूनं मला कसं बरं केलं त्याची. मी म्हटलं, देईन, पण साक्षीत डॉक्टरीणबाईही येतील आणि औषधाची बाटलीही येईल. ते म्हणाले, मग नुसतं वाचा. मी नुसतं वाचलं. कोणी पाप केलं, यानं की याच्या आईबापांनी, असं शिष्य विचारतात आणि येशू म्हणतो, यानंही नाही आणि त्यांनीही नाही. तिथे मी थांबले. नजर वर केली तर पहिल्या बाकावर तात्याराव रुमालात तोंड घालून बसले होते. मग पुढचं वाचलं, येशूनं चिखल करून त्याच्या डोळ्यांना लावला आणि जाऊन धू म्हणून सांगितलं. इतकी वर्षं वाचतेय, पण औषध लावून मग धुवायला पाठवलं होतं हे माझ्याही कधी ध्यानात आलं नव्हतं.

तुझ्या अंधारामुळे मला उजेड मिळाला, असलं काही मी म्हणणार नाही. कुणी म्हटलं तर त्याला जिन्यावरून खाली ढकलीन. तुझी नजर जायला नको होती. जाण्याचं काही कारण नव्हतं. एवढंच मला तुला सांगायचं होतं, आणि ते फार उशिरा सांगतेय.

आणि आता मुख्य गोष्ट. हा आजार घराण्यात उतरतो. डोळ्यांच्या डॉक्टरचं नाव काढलं की तू घरातून उठून जातोस, म्हणून कुसुमला आजवर कुणी दाखवलं नाही. ती पस्तिशीला आली. तिला काही जाणवत नसेल. मलाही जाणवत नव्हतं. शांतू, माझ्यावर राग धर, तात्यारावांवर धर, तुझा हक्क आहे. त्यांना क्षमा कर असंही मी सांगत नाही, ते तुझं तू बघ. पण पोरीचे डोळे तपासून घे.

उत्तराची वाट बघते. मला झोप लागत नाही.

तुझी
अक्का


कर्वेनगर, पुणे
९ एप्रिल २००१

प्रिय शांतू,

सलाम. तुझं उत्तर आलं. पाकीट हातात घेऊन मी आधी तशीच बसून राहिले. मग हेमाच्या अक्षरातली ती ओळ वाचली, की कुसुमला नगरच्या डॉक्टरांना दाखवलं, दाब बरोबर आहे, कड शाबूत आहे, फक्त वर्षातून एकदा यायला सांगितलंय. मी तिथंच, सोसायटीच्या जिन्यात, मोठ्यांदा रडले. वरच्या विमलाबाई धावत आल्या, कोण गेलं म्हणून विचारायला. म्हटलं, कुणी गेलं नाही, सगळे आहेत. त्यांचा थोडा हिरमोडच झाला.

पुढची ओळ मात्र मी दोनदा वाचली. तू लिहवलंस, 'अक्का, नाताळात शिवाजीनगर स्टँडवर हेमा बॅग काढत होती तेव्हा तू माझ्या अंगावरून पुढे गेलीस. नगरची गाडी लागली का, असं हमालाला विचारत होतीस. गाडी तुझ्यासमोर होती. तेव्हाच मला कळलं.'

म्हणजे माझ्या डोळ्यांचं तुला माहीत होतं. मी तुझ्यापासून लपवतेय म्हणून मन खात होतं, आणि तू ते नाताळापासून जाणून गप्प होतास. मी गर्दीचं कारण सांगितल्यावर तू 'बरं' म्हणालास, तो 'बरं' आता मला ऐकू येतो. दोघंही एकाच आईची!

तात्यारावांसाठीचा तुझा निरोप मी त्यांना काल चर्च सुटल्यावर वाचून दाखवला, शब्दाला शब्द. 'थेंब वेळेवर घाला म्हणावं. राहिलेलं समोरासमोर बोलू.' त्यांनी मग खिशातून बाटली काढली आणि म्हणाले, वेळ झालीच आहे. पहिला थेंब गालावर गेला आणि दुसरा मिशीत. शेवटी मी बाटली घेतली, त्यांची मान मागे टेकवली आणि थेंब घातले. या माणसाला आपल्या हातानं औषध घालीन असं कधी वाटलं नव्हतं. राग पूर्ण गेला असं नाही. पण काल रात्री मला शांत झोप लागली.

तुम्ही तिघं शनिवारी येताय, आणि ईस्टरला, पुनरुत्थानाच्या रविवारी, तू माझ्याबरोबर चर्चमध्ये बसणार आहेस. तुला बाहेर बसायचं असलं तर मीही बाहेर बसेन. विनयला सुट्टी घ्यायला लावली आहे. त्याच्या साहेबांना पुनरुत्थान समजावून सांगावं लागलं, पण मिळाली.

गाडी लागली की घाई न करता सावकाश खाली उतर, आणि तिथेच उभा राहा. मला शोधू नकोस. या वेळी हाक मी मारीन.

तुला लांबूनच ओळखणारी,
अक्का